डोमेन घेतलंत, आता या चुका टाळा

स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, घेतलेली मंडळी मला गाठतात तेव्हा प्रश्न ठरलेला असतो: "घेतलं तर आहे, आता याचं करू काय?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच बहुतेकांनी वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं. अख्खा रविवार थीम निवडण्यात गेलेला असतो, आपोआप येणारी 'हॅलो वर्ल्ड' पोस्ट जागची हललेली नसते. वर्षभराने नूतनीकरणाचा मेल आला की हेच लोक सांगतात, डोमेनचा काही उपयोग नाही हो.

डोमेन म्हणजे वेबसाइट, ही समजूतच पहिली चूक. डोमेन हे नुसतं नाव आहे. त्या नावापुढे डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत, हव्या तेवढ्या नोंदी करता येतात आणि वेबसाइटची नोंद ही त्यातली फक्त एक. मेल कुठे पोचवायचा ते एमएक्स नोंद सांगते. नाव आपल्याच ताब्यात आहे हे टीएक्सटी नोंदीने सिद्ध करता येतं. ब्लूस्काय या सोशल नेटवर्कवर याच मार्गाने आपलं डोमेन हँडल (खात्याचं नाव) म्हणून लावता येतं. मास्टोडॉन या दुसऱ्या नेटवर्कवर स्वतःचा दुवा पडताळून घ्यायला दोन ओळींचं पान पुरतं. थीम कशालाच लागत नाही.

माझ्या मते पहिला उपयोग ईमेल. मेलसेवा आवडेनाशी झाली तर एमएक्स बदलायचे, नव्या सेवेच्या सूचनेप्रमाणे बाकीच्या दोन-तीन नोंदी करायच्या आणि पत्ता तोच ठेवायचा. लोकांना नवा पत्ता कळवत बसावं लागत नाही. पण नेमकी इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते.

रजिस्ट्रारच्या खात्याला त्याच डोमेनचा पत्ता

माझ्या ओळखीच्या एका फोटोग्राफरने सगळा पत्रव्यवहार स्वतःच्या डोमेनवर आणला. चांगलं केलं. मग उत्साहाच्या भरात रजिस्ट्रारच्या, म्हणजे जिथून डोमेन घेतलं त्या कंपनीच्या, खात्यातही तोच पत्ता घातला. ऑटो-रिन्यू चालू होतं, पण कार्डाची मुदत संपलेली. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि मुदत उलटल्यावर पाच दिवसांत अशा सूचना पाठवाव्याच लागतात. पहिल्या दोन आल्या आणि जाहिरातींच्या ढिगात गेल्या. तिसरी पोचणार कुठे? तोवर डोमेन बंद, मेलही बंद. दोन दिवस हा गडी मेलसेवेच्या माणसांशी भांडत होता.

शेवटी रजिस्ट्रारकडे लॉगिन करायला गेला तर पासवर्ड आठवेना. बदलायची लिंक जाणार त्याच मेलवर. लॉगिनचा कोडही त्याच मेलवर. कागदपत्रं दाखवून ओळख पटवावी म्हटलं, तर गोपनीयतेच्या नावाखाली नोंदणीत खोटं नाव टाकलेलं. वास्तविक प्रायव्हसीची सोय बहुतेक रजिस्ट्रार देतात. खोटं नाव लिहायची गरजच नसते.

इकडे घड्याळ चालूच. डॉट कॉमची मुदत उलटल्यावर रजिस्ट्रार देईल तेवढी सवलत मिळते, फार तर ४५ दिवस. त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, त्यात डोमेन सोडवायला नेहमीच्या कितीतरी पट पैसे पडतात. मग ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि त्यानंतर नाव सगळ्यांना खुलं. याचं रिडेम्प्शनमध्ये सुटलं. दुसऱ्या कोणी उचललं असतं तर याला येणारा प्रत्येक मेल त्या माणसाकडे गेला असता, बँकेच्या पासवर्डच्या लिंकसकट.

म्हणून रजिस्ट्रारच्या खात्याला मी कायम वेगळ्या, बाहेरच्या सेवेवरचा पत्ता देतो. कोड मोबाइलच्या अ‍ॅपमधून. आणि ऑटो-रिन्यू चालू असलं तरी मुदतीआधी स्वतः आत जाऊन पैसे भरतो. एका वेळी दहा वर्षांपर्यंत भरता येतात.

"आमचे नेमसर्व्हर लावा"

साइट बनवून देणाऱ्या बऱ्याच सेवा पहिल्याच पानावर हे सांगतात आणि नवशिके डोळे झाकून ऐकतात. नेमसर्व्हर म्हणजे डीएनएसच्या नोंदी सांभाळणारे संगणक. ते बदलले की डीएनएसचा सगळा कारभार नव्या ठिकाणी जातो. तिथे तुमचे एमएक्स नसतील तर साइट झकास दिसते आणि मेल गायब होतो. साइटसाठी बहुधा ए (सर्व्हरचा आकडी पत्ता) किंवा सीनेमची (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी) एखादी नोंद पुरते. काहीही बदलण्यापूर्वी मी सगळ्या नोंदी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवतो.

याचाच जुळा भाऊ म्हणजे "प्रोपगेशनला (बदल सगळीकडे पोचायला) ४८ तास लागतात" म्हणत चुकीच्या नोंदीकडे बघत बसणं. जुनी नोंद किती वेळ साठवून ठेवायची हे तिचा टीटीएल ठरवतो. आदल्या दिवशी तो ३०० सेकंदांवर आणा, मग बदल करा. दर पाच मिनिटांनी नवी नोंद टाकून बघणाऱ्यांना मात्र माझ्याकडे औषध नाही. आपण नेमकं काय बदललं, हेच त्यांना शेवटी सांगता येत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

एसपीएफच्या, म्हणजे तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो ते सांगणाऱ्या, दोन नोंदी ठेवू नका. दोन असल्या की तपासणीच चुकीची ठरते आणि तुमचे मेल स्पॅममध्ये जाऊ लागतात. दुसरी सेवा आली तर तिचा भाग पहिल्याच ओळीत जोडायचा.

कॅच-ऑल (डोमेनवरच्या कुठल्याही पत्त्याचा मेल घेणारी सोय) चालू केलंत तर कोणत्याही नावाने आलेला कचरा तुमच्या दारात. मी प्रत्येक दुकानाला, प्रत्येक अ‍ॅपला वेगळा पत्ता बनवून देतो. पत्ता कोणी विकला ते लगेच कळतं आणि तेवढा एकच बंद करता येतो.

बंद केलेल्या सेवेकडे बोट दाखवणारा सीनेम काढून टाका, नाहीतर तिथली सोडलेली जागा दुसरा कोणी घेतो आणि तुमच्या सबडोमेनवर (डोमेनच्या आधी शब्द जोडून केलेल्या उपनावावर) स्वतःचं पान लावतो.

सबडोमेनचं नाव गुप्त राहील या भरवशावर काही उघडं ठेवू नका. लेट्स एनक्रिप्टसारख्या संस्थांनी दिलेली, साइटला https साठी लागणारी प्रमाणपत्रं सार्वजनिक यादीत जातात, त्यांवरच्या नावांसकट.

फुकटच्या डोमेनवर ओळख उभारू नका. डॉट टीके वाटणाऱ्या फ्रीनॉमने २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबवली. देशाच्या किंवा प्रदेशाच्या डोमेनचे नियमही वाचून घ्या: ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या अपात्र धारकांची डॉट ईयू डोमेनं २०२१ च्या सुरुवातीला बंद पडली.

आणि प्रत्येक नव्या कल्पनेला नवं डोमेन घेऊ नका. एकाच नावाखाली सबडोमेन काढा, किंवा छोटे दुवे बनवून हवं तिकडे वळवा. माझा बायोडेटा आजवर बऱ्याच ठिकाणी हलला, लोकांना दिलेला दुवा तोच आहे. सहा डोमेनं घेऊन एकावरही काही न ठेवणारे मला भेटतात, आणि सातवं कोणतं घेऊ, हेच विचारतात.