तासाचे रेकॉर्डिंग कोणत्या फॉरमॅटमध्ये करावे: नव्या अंध विद्यार्थ्यांसाठी माझा अनुभव

मराठी विषयात एम.ए. करण्यासाठी मी पुण्यात आले, तेव्हा वर्गातल्या इतर मुलींच्या बाकावर वही असे आणि माझ्या बाकावर फोन. मला जन्मापासून दिसत नाही. ब्रेल मला चांगले येते, पण प्राध्यापक ज्या वेगाने बोलतात त्या वेगाने पाटी आणि स्टायलस घेऊन टोचत राहणे जमत नाही, म्हणून तासाचे रेकॉर्डिंग हीच माझी वही झाली. यंदा महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या अंध विद्यार्थ्यांना कोणते उपकरण घ्यावे हे सांगणारे पुष्कळ भेटतील; परंतु त्याच उपकरणाच्या मेनूत असलेल्या ‘फॉरमॅट’ (म्हणजे आवाज फाइलमध्ये कोणत्या पद्धतीने साठवायचा) या पर्यायाबद्दल सहसा कोणी बोलत नाही, आणि माझे पहिल्या वर्षीचे बरेचसे नुकसान तिथेच झाले.

भाषाविज्ञानाच्या एका तासाला सरांनी ‘चार’मधला तालव्य च आणि ‘चाक’मधला दंततालव्य च यांतला फरक समजावून सांगितला आणि दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा म्हणून दाखवले. वर्गात मला तो फरक स्वच्छ ऐकू आला होता. रात्री खोलीवर रेकॉर्डिंग लावले, तर दोन्ही च जवळजवळ सारखेच! फोनमधले रेकॉर्डिंग एएमआर या फॉरमॅटमध्ये झाले होते. हा फॉरमॅट मोबाइलवरच्या संभाषणासाठी तयार केलेला असून त्याच्या नेहमीच्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतले जातात. त्यामुळे त्याच्या निम्मे, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीही त्यात उरत नाही, आणि स किंवा दंततालव्य च यांचा जो घासून येणारा आवाज असतो, त्याचा मोठा भाग नेमका त्याच्या वर असतो. तासाभराचे रेकॉर्डिंग जेमतेम साडेपाच एमबीत मावते खरे, पण डोळ्यांसमोर फळा नसलेल्या माणसाला व्यंजन ओळखायला कानाशिवाय दुसरा आधार नसतो, हे तो फॉरमॅट निवडताना माझ्या लक्षात आले नव्हते.

याच्या अगदी उलट वेव्ह हा फॉरमॅट. त्यात काहीच गाळले जात नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट धरले, तर एका चॅनेलचे, म्हणजे मोनो, रेकॉर्डिंग मिनिटाला सुमारे ५ एमबी आणि तासाला सुमारे ३१८ एमबी जागा घेते. तरीही ३२ जीबीच्या कार्डावर साधारण १०० तास बसतात. एमपीथ्रीमध्ये मोठ्या आवाजाखाली जे बारीक आवाज माणसाच्या कानाला जाणवत नाहीत ते वगळले जातात, आणि ६४ केबीपीएस (म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट; यालाच बिटरेट म्हणतात) मोनो ठेवले तर तासाला २९ एमबी पुरतात. एका माणसाच्या बोलण्याला एवढे पुरेसे असते, असे माझे मत आहे. मात्र आपल्यापैकी बरेच जण दुप्पट वेगाने ऐकतात. ३२ केबीपीएसवर साध्या वेगात न जाणवणारी खळखळ त्या वेगात माझ्या कानाला फार टोचते, म्हणून ६४च्या खाली मी उतरत नाही.

दुसरा अनुभव याहून कटू आहे. परीक्षेच्या आधीचा शेवटचा उजळणीचा तास मी फोनवर एमफोरए फॉरमॅटमध्ये घेत होते आणि शेवटच्या दहा मिनिटांत बॅटरी संपून फोन बंद पडला. फाइल होती, तिला आकारही होता, पण ती कशातच वाजेना. एमफोरए फाइलमध्ये कोणता आवाज कुठे आहे याची अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. ती लिहिली गेली नाही, तर आतला सगळा मजकूर असूनही उघडत नाही. एमपीथ्रीची रचना लहान लहान तुकड्यांची असते आणि प्रत्येक तुकड्याची माहिती त्याच्याच सुरुवातीला असते, त्यामुळे वीज गेली तरी तोवर कार्डावर लिहिला गेलेला भाग ऐकता येतो. तेव्हापासून वर्गात मी एमपीथ्रीच वापरते, आणि उच्चारांचा किंवा कवितावाचनाचा तास असेल तरच वेव्ह.

पुस्तके वाचून देणारे स्वयंसेवक हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी संदेश पाठवतात. ते ओपस फॉरमॅटमध्ये असतात. २०१२ साली मानक ठरलेला हा फॉरमॅट कमी बिटरेटवर एमपीथ्रीपेक्षा पुष्कळच स्पष्ट बोलतो, पण जुन्या डेझी प्लेअरवर (अंधांसाठीची बोलकी पुस्तके वाजवणाऱ्या यंत्रावर) तो वाजत नाही, म्हणून एमपीथ्रीत रूपांतर करावे लागते. गाळलेला आवाज रूपांतराने परत येत नाही आणि प्रत्येक वेळी आणखी थोडा गाळला जातो. तेव्हा रूपांतर एकदाच, ९६ केबीपीएसवर करावे आणि मूळ फाइल पुसू नये. ‘सुगम्य पुस्तकालय’ या अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात पुस्तक उपलब्ध असेल, तर स्वयंसेवकाचे श्रम आधी वाचवावेत.

रेकॉर्डिंगची परवानगी पहिल्याच दिवशी प्रत्येक प्राध्यापकांकडे मागावी. टॉकबॅकचा (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या फोनमधल्या सोयीचा) आवाज रेकॉर्डिंगमध्ये मिसळू नये म्हणून एका कानात इअरफोन ठेवावा, मात्र त्याला माइक असेल तर रेकॉर्डिंग त्या माइकमधून तर होत नाही ना, हे आधी तपासावे. उपकरण बाकावर नुसते न ठेवता घडी केलेल्या रुमालावर ठेवावे, म्हणजे बाकाचे हादरे आत येत नाहीत. सुरुवातीलाच तारीख, विषय आणि प्राध्यापकांचे नाव स्वतःच्या आवाजात बोलावे, कारण ‘रेकॉर्डिंग ४७’ या नावावरून सहा महिन्यांनी काहीच कळत नाही. आणि नवे उपकरण घेताना दुकानातच सोबतच्या माणसाला चार पावले लांब उभे करून ‘चार, चाक, सात, शाळा’ एवढे शब्द म्हणायला लावावेत, ते रेकॉर्ड करावेत, इअरफोन लावून दुप्पट वेगाने ऐकावेत आणि मगच पैसे द्यावेत.