आजीच्या हातात पोचणारं कार्ड: लहान मुलांसोबत शुभेच्छापत्रं करताना या चुका टाळा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रात्री साडेनऊला आमच्या पुढच्या खोलीत अकरा कार्डं अर्धवट पडली होती. सकाळच्या एसटीने माहेरी निघायचं होतं आणि बॅगा भरायच्या होत्या. मोठी तेव्हा पाच वर्षांची, पेंगत पेंगत रंग भरत होती. धाकटा दोनचा, त्याने ब्रश तोंडात घातलेला. आणि मी दोघांवर ओरडत होते. आजीसाठी, मामासाठी, मावश्यांसाठी प्रेमाने काही करायचं म्हणून बसलो आणि लेकरं रडत झोपली. ती रात्र मला अजून खुपते.

त्याला आता दोन वर्षं झाली. राखी, कानबाई (खान्देशातला श्रावणातला देवीचा सण), दिवाळी, संक्रांत, वाढदिवस, भाच्याचं बारसं, सगळ्यांची कार्डं आम्ही घरीच करतो. चुका पुष्कळ झाल्या, आणि बहुतेक सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट निघाली. कार्डात मुलाचं काम वेगळं असतं आणि आपलं वेगळं. कापणं, घडी घालणं, पाकीट, बाहेरची अक्षरं ही आपली कामं. ठसा, रेघोट्या, चिकटवाचिकटवी मुलाची. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी करायला गेलं की मूल कंटाळतं आणि आपण चिडतो.

एका बैठकीत उरकायची घाई

दोन-तीन वर्षांचं मूल एका कामात दहा मिनिटं रमलं तरी खूप झालं. पाच वर्षांचं वीस मिनिटं बसेल. अकरा कार्डं म्हणजे अकरा वेळा तेच काम, आणि तिसऱ्या कार्डानंतर त्यात त्याचं मन नसतं. आता मी सण यायच्या दोन आठवडे आधी दुपारी, मुलं झोपलेली असताना, सगळे कागद कापून घड्या घालून ठेवते. मग रोज एक किंवा दोन कार्डं. मूल उठून गेलं की त्या दिवशीचं काम संपलं. उरलेलं कोपऱ्यातलं फूल मी पूर्ण करत नाही. अर्धं राहिलेलं फूलसुद्धा त्याचंच असतं आणि घेणाऱ्याला ते बरोबर कळतं.

आधी कार्ड, मग पाकीट

आम्ही छान चौकोनी कार्ड केलं आणि त्या मापाचं पाकीट अख्ख्या बाजारात मिळालं नाही. म्हणून आता उलटं करायचं: आधी पाकीट हातात घ्यायचं, मग कार्ड त्याहून लांबी-रुंदीत चार-पाच मिलिमीटर लहान कापायचं. आत कापूस, टिकल्या किंवा जाड फूल चिकटवणार असाल तर आणखी थोडं लहान.

आपल्याकडे पाकिटांची आणि जाड कागदाची खाण घरातच असते. मार्च ते मे खान्देशात लग्नांची धामधूम, प्रत्येक घरात पत्रिकांचा गठ्ठा. त्यातल्या कितीतरी पत्रिकांची मागची बाजू कोरी असते आणि कागद भक्कम असतो. मात्र चकचकीत, लॅमिनेशन केलेल्या बाजूवर स्केचपेन टिकत नाही आणि फेविकॉल वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो. ती बाजू आत दुमडा किंवा बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून घ्या. पत्रिकेवरचा गणपती कापायला घरातली मोठी माणसं नको म्हणतात, त्यांचं ऐकावं. मी तो भाग आधीच अलगद काढून वेगळ्या डब्यात ठेवते.

विकतचा कागद घेताना झेरॉक्सचा घेऊ नका. तो 70 ते 80 जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो, ओला रंग लागला की लाटा उठतात. दुकानात कार्डशीट मागा आणि 200 ते 250 जीएसएमची सांगा. ए-फोर आकाराचं शीट मधोमध दुमडलं की ए-फाइव्ह मापाचं मोठं कार्ड होतं; तेच शीट आधी अर्धं कापून मग दुमडलं तर एका शीटमध्ये दोन छोटी कार्डं बसतात.

जाड कागदाची घडी फाटल्यासारखी, दातेरी येते ही नेहमीची तक्रार. त्याला दोन कारणं. एक म्हणजे कागदाचे तंतू एका दिशेने बसलेले असतात. शीट न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकंसं वाकवून बघा, ज्या बाजूला ते सहज वाकेल त्या दिशेने घडी घाला. दुसरं, नुसत्या नखाने घडी दाबू नका. शाई संपलेल्या बॉलपेनने किंवा क्रोशाच्या सुईने पट्टी धरून आधी एक खोलगट रेघ ओढा, मग दुमडा. हे काम मोठीला आता फार आवडतं, कारण पेन चालतं पण काही उमटत नाही.

फेविकॉल, उन्हाळा आणि पावसाळा

कार्ड वाकडं होण्याचं कारण नव्वद टक्के वेळा जास्तीचा फेविकॉल असतो. त्यात पाणी असतं, ते तंतूंत शिरतं, कागद एका बाजूने फुगतो आणि वाळताना आकसून वळतो. मुलाच्या हातात बाटली दिली की तो पिळणारच. म्हणून बाटली आपल्याकडे ठेवा. झाकणात वाटाण्याएवढा फेविकॉल काढून द्या आणि पसरायला आइस्क्रीमची काडी द्या. मोठ्या कागदावर मोठा कागद चिकटवायचा असेल तर ग्लूस्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी.

पण आपल्याकडचा मे महिना वेगळाच. पारा 43-44 वर, डोक्यावर पंखा गरगर फिरतोय, आणि काडीने फेविकॉल पसरेपर्यंत त्यावर साय धरते. मूल फूल ठेवतं, दाबतं, आणि संध्याकाळी ते फूल जमिनीवर. मुलाला वाटतं आपलंच चुकलं. चिकटवायचं काम सकाळी सात-आठच्या आत करा, दुपारी फक्त खडूचं काम. आणि चिकटवलेलं कार्ड तसंच उघडं सोडू नका. दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर जाड वह्या ठेवा आणि रात्रभर राहू द्या.

श्रावणात याच्या अगदी उलट. राखी आणि कानबाई त्याच दिवसांत. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भाऊबंद गोळा होतात, रोटांची तयारी असते, घरात पाय ठेवायला जागा नसते आणि हवा दमट. तेव्हा फेविकॉल लवकर वाळत नाही, कार्डं एकमेकांना चिकटतात. एक दिवस जास्तीचा धरा आणि पूर्ण वाळलेली कार्डं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

चमकीबद्दल एकच सांगते: लहान मूल घरात असेल तर नकोच. डोळ्यात जाते, पिठाच्या परातीत जाते, महिनाभर निघत नाही. सोनेरी रंग हवा असेल तर मिठाईच्या खोक्याचा सोनेरी कागद कापून लावा.

हळदीचा हात लाल का झाला

आखाजीला गौराईसमोर ठेवायच्या कार्डावर मुलांचे हळदीचे हात उमटवावेत असं माझ्या मनात होतं. हळद पाण्यात कालवली, धाकट्याचा हात बुडवला आणि कार्डावर दाबला. त्याने मूठच मिटली. कार्डावर पिवळा गोळा. दुसऱ्या वेळी जरा बरा ठसा आला, पण कडेला ओघळ आला. तो पुसायला मी घाईत भांडी घासायचा ओला फडका फिरवला आणि बघता बघता पिवळ्या तळव्याची कड तांबडीलाल झाली. मोठी घाबरून म्हणाली, "आई, बाळाला लागलं?"

फडक्यात साबण होता. हळदीचा पिवळा रंग ज्या कर्क्युमिनमुळे असतो ते साबण, सोडा, चुना अशा अल्कधर्मी पदार्थांना लागलं की लाल होतं. माझ्या आजीला हे सांगितलं तर तिला त्यात नवल वाटलं नाही. म्हणाली, "कुकू आसंच व्हस, माय. हयद आन चुना." म्हणजे कुंकू असंच होतं, हळद आणि चुन्याचं. लिंबाच्या थेंबाने डाग पुन्हा पिवळा होतो, पण तोवर कागद भिजून फुगतो. तेव्हा हळदीच्या ठशाला साबणाचा हात लावू नका, कोरडा होऊ द्या आणि बाजूची भुकटी सुक्या ब्रशने झटका. हळद उन्हात फिकी पडते, म्हणून असा ठसा कार्डाच्या आत घ्यावा. वर्षानुवर्षं टिकायला हवा असेल तर पोस्टर कलर वापरा.

ठशाचं तंत्र मला पुष्कळ कार्डं वाया घालवून सापडलं. हात रंगात बुडवू नका, स्पंजच्या तुकड्याने तळव्याला पातळ थर लावा. वर्षाच्या आतल्या बाळाचा हात नकोच. ते मूठ मिटतं आणि मग तीच मूठ तोंडात घालतं. त्याचा पाय घ्या. आणि पाय कार्डावर दाबायचा नाही, पुठ्ठ्यावर ठेवलेलं कार्ड पायाकडे न्यायचं, टाचेपासून बोटांकडे हलकेच टेकवत. दूध पिऊन बाळ शांत पडलेलं असतं ती वेळ उत्तम. ओला रुमाल आधीच शेजारी ठेवा.

तेलखडू, म्हणजे ऑइल पेस्टल, कधीच पुरता वाळत नाही. आतल्या पानावर वापरला तर समोरच्या पानावर त्याची सावली उमटते. मध्ये बटर पेपर घाला किंवा तिथे साधे मेणखडू द्या. स्केचपेनवर पाण्याचा थेंब पडला की शाई पसरते. पत्ता तर बॉलपेननेच लिहा.

टिकल्या, मणी, बटणं ही तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. ते कार्ड घेणाऱ्या घरातही रांगतं मूल असेल, हे विसरू नका. गाणं वाजवणाऱ्या कार्डातली बटणासारखी बॅटरी फारच धोक्याची. ती गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजू शकते, अशा वेळी वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा. आमच्या घरात तशी कार्डं येतच नाहीत.

अक्षरं कोणाची, भाषा कोणाची

"वाढदिवसाच्या हार्दिक शुभे" आणि कागद संपला. हे सगळ्यांचं होतं. पेन्सिलीने शिरोरेघ फिकट ओढा, अक्षरं मोजा, मधलं अक्षर मध्यावर लिहा आणि तिथून दोन्हीकडे जा. बाहेरच्या पानावरचं शुद्धलेखन आपण नीट बघावं. "हार्दिक"मधली वेलांटी ऱ्हस्व, "आशीर्वाद"मधली दीर्घ, आणि "अभीष्टचिंतन"मधला भी दीर्घ; हा शेवटचा शब्द तर छापील बॅनरवरही चुकलेला दिसतो.

आत मात्र मुलाने जे लिहिलं त्याला हात लावू नका. मोठीने पहिल्यांदा "आजी"ऐवजी "अजी" लिहिलं आणि मी त्यावर काना ओढून दिला. तिने ते कार्ड मागे घेतलं आणि दिवसभर काही लिहिलं नाही. माझी ही सगळ्यात मोठी चूक, फेविकॉलपेक्षाही मोठी. तो काना पुढच्या वर्षी तिने आपणहून दिला.

मजकूरही ज्याला द्यायचा त्याच्या तोंडचा असावा. घरात अहिराणी बोलणाऱ्या मामाला इंग्रजी शुभेच्छा कशाला? त्याच्या वाढदिवसाला मोठीला जे सुचलं ते तसंच अहिराणीत लिहिलं, आणि मामाने ते कार्ड शेतीच्या डायरीत ठेवलंय. आणखी एक. आखाजीला आपण पितरांची घागरही भरतो. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलेलं आहे तिथे भडक शुभेच्छा नेऊ नयेत. काकूंकडे आम्ही साध्या पांढऱ्या कार्डावर फक्त मुलांनी काढलेली घागर आणि आंबा नेला होता.

कार्ड सांजोऱ्यांच्या डब्यासोबत एका पिशवीत ठेवू नका. तुपाचा डाग कशानेच जात नाही. पोस्टाने पाठवणार असाल तर पिनकोडचे सहा आकडे तपासा, आणि कार्डावर उंचवटा असेल तर पाकिटात एक पातळ पुठ्ठा घाला.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं कार्ड

माझ्या आजीला, मुलांच्या पणजीला, अक्षर येत नाही आणि आता नजरही अधू झालीय. तिला सुरुवातीला आम्ही लिहिलेलीच कार्डं देत होतो. ती हातात घेऊन "हाई काय शे व?" विचारायची, मी वाचून दाखवायचे, आणि कार्ड देव्हाऱ्यामागे जायचं. ते कार्ड तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

मग मागच्या आखाजीला मोठीला अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं आणि टाचेपासून डोक्यापर्यंत तिच्या उंचीचा दोरा कापला. आधी लोकर घेतली होती, ती ताणली की वाढते, माप खोटं होतं. म्हणून साधा लाल सुती दोरा. त्याची गुंडी करून कार्डात शिवलेल्या कापडी खिशात घातली. झोक्याजवळ बसलेल्या आजीने ती चाचपली आणि उलगडत गेली. एक टोक तिच्या पायाशी ठेवलं, दुसरं हाताने वर धरलं. "इतली मोठी व्हयनी का व पोर!" असं म्हणून तिने तो दोरा गुंडाळून चंचीत टाकला.

यंदा आम्ही नवा दोरा घेऊन गेलो. आजीने चंचीतून जुना काढला, दोन्हींची टोकं जुळवली आणि जो तुकडा जास्तीचा उरला तो मोठीला जवळ बसवून तिच्याच बोटांनी मोजून घेतला. चार बोटं भरला.