रस्त्यावर उतरायच्या आदल्या संध्याकाळी

उद्या सकाळी रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायला कॅमेरा घेऊन बाहेर पडायचं असेल तर तयारीला आजच बसा, कारण रस्त्यावर काहीही ठरवायला सवड मिळत नाही. कुणीतरी वळतं, ऊन बरोबर त्याच्या खांद्यावर पडतं आणि पुढच्या पावलाला सगळं मोडलेलं असतं. त्या घटकेला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) किती ठेवावा हा विचार डोक्यात असेल तर फोटो गेलाच.

आधी किरकोळ कामं उरकून घ्या. कार्डावरचे फोटो उतरवा, उतरलेत याची खात्री करा आणि मगच फॉरमॅट करा (ही मधली पायरी मी एकदा गाळली होती, पुन्हा कधी गाळली नाही). मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याची बॅटरी बहुधा तीन-चारशे फोटोंत मान टाकते, म्हणून दुसरी भरून खिशात ठेवा. बूट जुने, पायाला सवयीचे असू द्या. लेन्सचं झाकण घरीच राहू दे.

लेन्स एकच घ्या. ‘असू दे, लागली तर’ म्हणून घेतलेली दुसरी लेन्स दिवसभर मनात कुरकुर करत राहते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा असतो) २८, ३५ किंवा ५० मिलिमीटरपैकी कुठलीही चालेल; आकडा लहान तितकं दृश्य रुंद. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांचं बहुतेक काम ५० वरचं आहे. २८ ला फार जवळ जावं लागतं आणि ५० ला गर्दीत मागे सरकायला जागा उरत नाही, म्हणून नवख्याला मी ३५ सुचवतो. पण जी घ्याल ती निदान दोन-तीन महिने बदलू नका. मग कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच फ्रेमच्या कडा कुठे येणार ते कळू लागतं.

आता फोकस, आणि इथे घाई नको. ऑटोफोकस हल्ली उत्तम झालाय, तरी गर्दीत तो भलताच चेहरा धरतो आणि आपल्याला ते घरी आल्यावर कळतं. त्यापेक्षा फोकस हातानेच अडीच मीटरवर लावून ठेवा आणि ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र) एफ ८ करा. फुल फ्रेमवर ३५ ची लेन्स असेल तर साधारण पावणेदोन मीटरपासून पाच मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. २८ असेल तर हा पट्टा जवळजवळ दहा मीटरपर्यंत जातो. ५० ला मात्र दोन ते सव्वातीन मीटर एवढाच मिळतो, तिथे चुकायला वाव कमी. उरतं ते अंतर नजरेने ओळखणं. टेपने अडीच मीटर मोजून खोलीत एक खुर्ची ठेवा आणि येता-जाता तिच्याकडे बघा. मग दार, खिडकी, कपाट यांची अंतरं आधी अंदाजाने सांगा, नंतर मोजा. दोन-चार दिवसांत अंदाज बऱ्यापैकी जमतो.

चालणाऱ्या माणसासाठी शटरची गती १/२५० सेकंद पुरते, आपणही चालत असू तर १/५००. ऑटो आयएसओला हीच किमान गती सांगून ठेवा आणि वरची मर्यादा ६४०० करा. दाणेदार फोटो खपतो, हललेला चेहरा सहसा खपत नाही. कडक ऊन आणि गडद सावली एकत्र असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा (म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे उजेडातला चेहरा फिकट होऊन जाणार नाही. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावायचा मोह होतो, पण एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोत पट्टे उमटू शकतात आणि वेगातली वाहनं तिरकी दिसतात. फोटो काढल्यावर तो पडद्यावर आपोआप दिसण्याची सोय बंद करा. मान खाली गेली की पुढचा क्षण हुकतो.

कुठे जायचं तेही ठरवा, आणि रस्ता आखूड ठेवा. ऊन कधी कुठून येतं हे माहीत असलेला एक कोपरा दहा गल्ल्यांना भारी पडतो. आधी पार्श्वभूमी आणि उजेड जुळवून उभं राहायचं, मग माणूस त्यात चालत येण्याची वाट बघायची. अर्धा-पाऊण तास कुणीच येत नाही, कधी दिवसही कोरडा जातो. तेही धरूनच निघावं.

खरी धाकधूक माणसांची असते. कुणी विचारलं, ‘माझा फोटो का काढला?’ तर काय म्हणाल? ते वाक्य आज मोठ्याने म्हणून बघा. मी म्हणतो, ‘तुमच्यावर उजेड फार सुंदर पडला होता, बघता का?’ आणि फोटो दाखवतो. नको म्हणाले तर समोरच पुसतो, वाद घालत नाही. कार्तिये-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकाकत्या भागांवर काळी पट्टी लावत, तेवढं चालतं. पण कमरेपाशी कॅमेरा लपवून चोरून फोटो काढणाऱ्याचाच लोकांना संशय येतो, आणि मला वाटतं, येऊ द्यावा.

जिथे जाल तिथला कायदाही पाहून ठेवा, कारण तो जागोजागी बदलतो. जर्मनीत १९०७ च्या कायद्यानुसार एखाद्याचं छायाचित्र प्रसिद्ध करायला सहसा त्याची संमती लागते. गर्दीतला घोळका किंवा दृश्यात सहज आलेली माणसं हे अपवाद. न्यूयॉर्कमध्ये मात्र छायाचित्रकार फिलिप-लोर्का डिकोर्सिया यांनी न विचारता टिपलेल्या एका वाटसरूने खटला भरला, तेव्हा २००६ मध्ये न्यायालयाने ते छायाचित्र कला मानून खटला फेटाळला. कायदा परवानगी देतो म्हणून सगळंच काढावं असंही नाही. रडणारा माणूस, उघड्यावर झोपलेला माणूस, एकटं मूल: माझ्या यादीत हे ‘नाही’ खाली आहेत. तुमची यादी तुम्ही करा, पण घरीच करा. रस्त्यावर बोट मनापेक्षा आधी चालतं.

परतल्यावरचंही आजच ठरवा. फोटो उतरवून तारखेच्या फोल्डरमध्ये टाका आणि आठवडाभर उघडू नका. काढतानाची धुंदी ताजी असते तोवर सगळेच फोटो चांगले वाटतात. अमेरिकी छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड याच कारणाने फिल्मचे रोल वर्षभर तरी धुवत नसत. १९८४ मध्ये ते वारले तेव्हा सुमारे २,५०० रोल न धुतलेले निघाले. इतकं मनावर घेऊ नका.

निघताना दारातच कॅमेरा चालू करा आणि फोकस अडीच मीटरवरच आहे ना ते बघा. बॅगेत घासून लेन्सवरची फोकसची रिंग सरकते, म्हणून मी तिच्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवतो.