खाणीसाठी चूट बनवून घेताना

खाणीतील किंवा खडी क्रशरवरील चूट (दगड-खडी खाली घसरत नेणारी पोलादी पन्हळ) नाशिकमधील सातपूर अथवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बनवून घ्यायची असेल, तर केवळ जुन्या चूटचा फोटो पाठवून दर मागवू नयेत. मापे जागेवर, यंत्राच्या फ्लँजवरून (चूट जिथे बोल्टने जोडली जाते, त्या भोके असलेल्या कडेवरून) घ्यावीत; कारण वापरून वाकलेल्या चूटवरून काढलेल्या ड्रॉइंगमुळे नव्या चूटमध्येही तोच वाक येतो आणि बसवताना भोके जुळत नाहीत.

सांगाड्यासाठी आयएस २०६२ या भारतीय मानकाचे पोलाद पुरते. खरा विचार लायनरचा, म्हणजे झीज सोसणाऱ्या आतल्या अस्तराचा करावा. माल जिथे आदळतो आणि जिथे नुसता घसरतो, त्या जागा ड्रॉइंगवर वेगळ्या दाखवाव्यात. घसरणीच्या जागी ४०० ते ५०० ब्रिनेल (धातूची कठीणता मोजण्याचे माप) कठीणतेची प्लेट चांगली टिकते. लायनर बोल्टने बसवावा, म्हणजे झिजलेला तुकडा तेवढाच बदलता येतो.

वेल्डिंगला घाई करू देऊ नये. ई ७०१८ हे कमी हायड्रोजनचे वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये सुकवलेलेच हवेत; पावसाळ्यात उघडे राहिलेले रॉड वापरले, तर ओलाव्यातील हायड्रोजन जोडात शिरतो आणि वेल्डशेजारी तडा कित्येक तासांनंतरही जाऊ शकतो. म्हणून जाड, कठीण प्लेटच्या जोडांची डाय पेनिट्रंट तपासणी (रंगीत द्रव लावून पृष्ठभागावरचे तडे शोधण्याची) ४८ तासांनी, रंगकामापूर्वी करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

मिल टेस्ट सर्टिफिकेटवरील (पोलाद कारखान्याच्या चाचणी दाखल्यावरील) हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक, प्लेटवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा, तोही कटिंगच्या आधी, कारण तुकडे पडल्यावर तो नंबर बहुतेक तुकड्यांवर उरत नाही.