गरोदरपणात धूम्रपान कसे सोडावे

दिवस राहिल्याचे कळल्यावर सिगारेट ओढणाऱ्या अनेक स्त्रिया आधी संख्या कमी करायचे ठरवतात. हेतू चांगला असला तरी या मार्गावर विसंबून राहू नये, कारण दहा सिगारेटींवरून चारवर आलेली व्यक्ती त्या चारांचा धूर नकळत जास्त खोल ओढते, छातीत जास्त वेळ धरून ठेवते आणि शरीराला सवय झालेली निकोटिनची मात्रा त्यातूनच भरून काढते. त्यामुळे सिगारेटी निम्म्याहून कमी झाल्या, तरी बाळापर्यंत पोहोचणारे विष त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून पूर्ण सोडण्याचेच ठरवावे आणि त्याची तारीख याच आठवड्यातली धरावी.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण वारेत (प्लासेंटा) आहे. बाळाला लागणारा सगळा ऑक्सिजन आईच्या रक्तातून वारेमार्गे येतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. त्याच वेळी निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. म्हणजे रक्त कमी पोहोचते आणि जे पोहोचते त्यातही प्राणवायू कमी असतो. याचा परिणाम म्हणून बाळाचे वजन सरासरी सुमारे २०० ग्रॅमने कमी भरते, ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो, वार गर्भाशयाच्या तोंडाशी बसण्याची किंवा वेळेआधी सुटून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. गर्भपात, गर्भनलिकेत गर्भ रुजणे, मृतजन्म आणि दुभंगलेला ओठ यांचाही धूम्रपानाशी संबंध आढळला आहे. लहान बाळ जन्माला आले तर प्रसूती सोपी होईल, असा समज काही जणींना असतो. हा समज घातक आहे, कारण वाढ खुंटलेले बाळ प्रसूतीचा ताण नीट सोसू शकत नाही.

पण याच यंत्रणेत दिलासाही आहे. काही दवाखान्यांत श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजण्याचे छोटे उपकरण असते. श्वास साधारण १५ सेकंद रोखून धरायचा आणि मग नळीत सावकाश पूर्ण सोडायचा, की पडद्यावर आकडा उमटतो. शेवटच्या सिगारेटीनंतर एकदोन दिवसांत तो आकडा धूम्रपान न करणाऱ्यांइतका खाली येतो. बाळाला मिळणारा ऑक्सिजन वाढल्याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे, आणि मला तो कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. पहिल्या १५ आठवड्यांच्या आत सोडणे सर्वांत हिताचे असले, तरी त्यानंतर सोडल्यानेही फायदा होतोच; ‘आता उशीर झाला’ हे कारण कधीच खरे नसते.

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या रात्री घरातल्या, पर्समधल्या आणि गाडीतल्या सिगारेटी, लायटर, रक्षापात्रे सगळे काढून टाकावे. ‘गरज पडली तर’ म्हणून एकही शिल्लक ठेवू नये. तलफ पहिल्या दोनतीन दिवसांत सर्वाधिक जोर करते आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ओसरत जाते. प्रत्येक तलफ साधारण काही मिनिटांचीच असते, तेव्हा ती आली की जागा सोडावी, पाणी घोट घोट प्यावे, हात कशात तरी गुंतवावेत किंवा कुणाला तरी फोन लावावा. जेवणानंतर लगेच सिगारेट ओढण्याची सवय असेल तर हात धुताक्षणी उठून चार पावले चालायला जावे. चिडचिड, झोपमोड आणि वाढलेली भूक ही शरीर निकोटिनविना राहायला शिकत असल्याची चिन्हे आहेत.

एवढ्याने भागत नसेल तर लाज न बाळगता प्रसूतितज्ज्ञांना खरी संख्या सांगावी. गरोदरपणात समुपदेशन हा पहिला उपाय मानतात. निकोटिनचे च्युइंगम किंवा पट्टी फक्त डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, आणि पट्टी दिली असल्यास ती रात्री झोपताना काढावी. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन ही धूम्रपान सोडवण्यासाठी दिली जाणारी औषधे या काळात सहसा टाळली जातात. ई-सिगारेट सुरक्षित समजून सुरू करू नये, कारण तिच्यातही बहुधा निकोटिन असतेच.

घरातल्या इतरांचा धूरही बाळाचे वजन घटवतो, त्यामुळे पतीने किंवा घरातल्या कुणीही खिडकीशी उभे राहून ओढणे पुरेसे नाही. घर आणि गाडी पूर्ण धूरमुक्त हवी. दोघांनी एकत्र सोडले तर तिचे काम निम्म्याने हलके होते, आणि मूल होऊ देण्याचा विचार चालू असेल तर पुरुषानेही आधीच सोडावे, कारण धूम्रपानाने शुक्राणूंची संख्या आणि गुणवत्ता दोन्ही घसरतात. स्वतःच्या शरीरालाही लाभ आहेच: हृदयविकाराचा वाढलेला धोका साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्म्यावर यायला मात्र सुमारे दहा वर्षे लागतात.

प्रसूतीनंतरचे पहिले महिने विशेष जपावेत, कारण अपुऱ्या झोपेच्या या काळात अनेक जणी पुन्हा सिगारेटीकडे वळतात. तसे झाले तरी स्तनपान थांबवू नये. मात्र सिगारेट दूध पाजण्याआधी न ओढता नंतर आणि घराबाहेर ओढावी, हात धुवावेत, वरचे कपडे बदलावेत आणि बाळाला आईच्या अंथरुणात कधीही झोपवू नये, कारण धुराच्या संपर्कातील तान्ह्या बाळांमध्ये झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका जास्त असतो. मग दुसऱ्याच दिवशी सोडण्याची नवी तारीख धरून समुपदेशकाला पुन्हा भेटावे.