हेवी लायसन्स आहे, तरी गाडी देत नाहीत: बाई ड्रायव्हरने काय करायचं

वाळूजला असो की जालन्याच्या सळईच्या गाड्यांवर, नकार कागदावर कोणी देत नाही. "बाईमाणसाला नाही जमायचं" एवढंच तोंडी बोलतात. म्हणून तक्रारीची तयारी नोकरी मागायच्या आधीच सुरू करावी लागते.

आधी लायसन्स. मालवाहू गाडीच्या लर्निंगसाठी वय २० पूर्ण हवं आणि एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन्स हातात येऊन एक वर्ष झालेलं हवं. सोबत डॉक्टरचा फॉर्म १-अ, आणि पुढे पक्क्या लायसन्सला ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ लागतो. लर्निंग मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी टेस्ट. आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली; कोणी मार्कमेमो मागितला तर तसं सांगा. आणि हेवी होईपर्यंत रिकामं बसू नका. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी साध्या एलएमव्हीवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. छोटा हत्ती, पिकअप यातच येतात.

नोकरी मागताना लायसन्सची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे तारीख राहते. "फक्त पुरुष ड्रायव्हर" अशी जाहिरात दिसली तर नंबर आणि तारखेसह स्क्रीनशॉट काढा. तोंडी नकार मिळाला तर त्याच दिवशी मेसेज करा: "नमस्कार मालक, आज ड्रायव्हरच्या जागेसाठी आले होते. बाई ड्रायव्हर ठेवत नाही असं सांगितलं. कारण हेच आहे का, कळवा." उत्तर आलं तर पुरावा हातात आला. नाही आलं तरी त्याच दिवशी विचारल्याची नोंद राहते.

"बाई ट्रेनर आली की बघू" ही सबब फसवी. बाया नाहीत म्हणून ट्रेनर नाही, ट्रेनर नाही म्हणून बाया नाहीत. अमेरिकेत न्यू प्राइम या ट्रक कंपनीचं नेमकं हेच धोरण न्यायालयाने २०१४ साली बेकायदा ठरवलं.

आपल्याकडे वेतन संहिता, २०१९ चं कलम ३ लागतं: त्याच कामाच्या भरतीत आणि पगारात बाई-पुरुष भेद नाही. अर्ज जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात द्या, पोच घ्या. भरतीतल्या भेदासाठी दंड २० हजारांपर्यंत आहे आणि अधिकारी खटल्याआधी मालकाला सुधारायची संधी देतो. दंड झाला म्हणून गाडी मिळेलच असं नाही, हे धरून चला. पगारातला फरक सिद्ध करणं त्या मानाने सोपं, आणि तो दावा ३ वर्षांच्या आत करायचा. त्यासाठी बिल्टीचा (मालाच्या पावतीचा) फोटो, खेपांची वही, ओव्हरटाइमचे तास रोजच्या रोज लिहा. पुरुषांना नागपूर-मुंबईच्या लांब खेपा आणि तुम्हाला एमआयडीसीतल्या एमआयडीसीत फेऱ्या, हे त्याच वहीतून दिसतं.

लैंगिक छळ झाला तर वेगळा रस्ता. मालकाकडे दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. मुदत ३ महिने, अर्जाच्या प्रती ६, सोबत साक्षीदारांची नावं-पत्ते. कामानिमित्त गेलात ती प्रत्येक जागा कायद्याने कामाची जागाच: मालधक्का, गोदाम, मालकाने दिलेली गाडीसुद्धा. क्लीनरने किंवा हमालाने काय पाहिलं, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. महिन्याने तो दुसऱ्याच गाडीवर असतो.