ऐकू-दिसू न येणाऱ्या मुलाशी घरी कसं बोलायचं?
बहिरांध म्हणजे पूर्ण अंधार असंच नसतं हो, बऱ्याच मुलांना थोडं दिसतं नाहीतर थोडं ऐकू येतं, ते आधी नीट तपासून घ्या. जवळ जाताना एकदम उचलू नका, आधी खांद्यावर हात ठेवा मग आपली ठरलेली खूण, आईची बांगडी, बाबांचं घड्याळ, त्याच्या हाताला लावा. आंघोळीआधी रोज तेच टमरेल हातात द्यायचं, जेवणाआधी चमचा. शिकवताना त्याचा हात धरून ओढू नका, आपला हात त्याच्या हाताखाली ठेवा, म्हणजे नको झालं की त्याला काढून घेता येतो (आजीला हे पटवायला वेळ लागतो). मग थांबा, भरपूर थांबा, उत्तर उशिरा येतं. २०१६च्या दिव्यांग कायद्यात बहिरांधत्व धरलंय, त्यामुळे युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढाच. मुंबईकरांनी हेलन केलर इन्स्टिट्यूटमध्ये विचारा, १९७७ पासूनची संस्था आहे.